सोंडेतली बातमी

आमच्या रोह्याच्या फ्लॅटला झोपायच्या खोल्या दोन. एकीत आम्ही दोघं झोपतो, दुसरीत अठराशे सत्तावन्न साल झोपतं. मुलगा पुण्याहून बायको-मुलीला घेऊन आला की त्यांच्या गाद्या हॉलमध्ये पडतात, कारण सत्तावन्न सालाला दमट हवा सोसत नाही, ऊन सोसत नाही, पंख्याचा वारा सोसत नाही आणि माणसांचा वावर तर मुळीच सोसत नाही. मला हे सगळं सोसतं, असं गृहीत धरलेलं आहे.

हे ज्यांनी मांडून ठेवलंय ते दामोदर टिपणीस, म्हणजे आमचे हे. जन्म रोह्याचा, शाळा रोह्याची, नोकरी धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत केमिस्टची, बायको पेणची. माणूस सरळ. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझ्या आईने एवढंच पाहिलं आणि मुलगी देऊन टाकली. मुलाला जुन्या वर्तमानपत्रांचं वेड आहे का, असं विचारायचं त्या काळात कुणाला सुचत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी ह्यांना मुंबईला मिक्सर आणायला पाठवलं. संध्याकाळी परत आले ते काखेत एक चपटं पुडकं घेऊन. मला वाटलं, साडी असेल, मिक्सरवाल्याच्या शेजारी दिसली असेल. उघडलं तर आत इंग्रजी वर्तमानपत्र. पिवळं, कडा कुरतडलेलं, १८५७च्या ऑगस्टमधलं.

"मालती, ह्यात दिल्ली अजून पडलेली नाही!" हे म्हणाले. डोळे असे चमकत होते की जणू दिल्ली ह्यांच्याच नावावर होती.

दिल्ली पडते की उभी राहते याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. माझं वाटण पाट्यावर होतं आणि पुढे कितीतरी दिवस ते पाट्यावरच राहिलं.

बरं, वेड साधं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. माणसाने पुस्तकं आणावीत, वाचावीत, ठेवून द्यावीत. पण युद्ध संपल्यावर लिहिलेलं ह्यांना चालतच नाही. "त्या लोकांना शेवट ठाऊक असतो गं," म्हणतात. "मला शेवट ठाऊक नसलेला माणूस हवा." म्हणजे काय, तर युद्ध चालू असताना छापलेलं वर्तमानपत्र, ज्याच्या संपादकाला उद्या काय होणार याचा पत्ता नाही. मुंबईहून आठवड्यातून दोनदा निघणारं एक इंग्रजी पत्र ह्यांनी धरलं आणि त्याचे त्या धामधुमीतले अंक एकेक करून जमवले. रद्दीवाल्यांच्या पाया पडून, पारशी म्हाताऱ्यांशी गप्पा मारून, बंद पडलेल्या वाचनालयांच्या कुलपांपाशी ताटकळून. सगळे तारखेप्रमाणे कपाटात लावले आणि मग वाचायची एक तऱ्हा काढली. ज्या तारखेचा अंक तो त्याच तारखेला काढायचा. आधी नाही, नंतर नाही.

याचा त्रास कुणाला? मला. सकाळी मी चहा घेऊन जावं तर हे चिंतेत.

"कानपूरची तार अजून आलेली नाही."

"गॅसही अजून आलेला नाही. नंबर लावून आठवडा झाला, एजन्सीला फोन करता का?"

"लखनौची मला काळजी वाटते."

लखनौची काळजी वाटून ह्यांनी एकदा वालाचं बिरडं पानात टाकलं होतं. सोललेले वाल, माझी बोटं सोलवटलेली, आणि हा माणूस दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच्या वेढ्यापायी जेवत नाही. पुढच्या अंकात लखनौ एकदाचं सुटलं तेव्हा उरलेलं मागून वाढून घेतलं, पण ताजं ते ताजं.

तर असं सगळं युद्ध ह्यांच्याकडे होतं. नव्हता तो एकच अंक. झाशीची राणी ग्वाल्हेरजवळ लढताना पडली, त्याची बातमी ज्यात असणार तो. अठराशे अठ्ठावन्नच्या जूनच्या अखेरचा. तो काही केल्या मिळेना. त्याच्या जागी ह्यांनी तारीख घातलेला एक पुठ्ठा उभा करून ठेवला होता, आणि दर वर्षी ती तारीख आली की तो कोरा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसत. मग मला तीच गोष्ट ऐकावी लागे. राणीचा नेहमीचा घोडा नव्हता, लोक सांगतात तो घोडा नवा होता, ओढ्याशी आला आणि अडला. पाण्याला बुजला. राणी टाचा मारतेय आणि तो जागच्या जागी फिरतोय. दर वर्षी ह्या ओढ्यापाशी ह्यांचा आवाज बसायचा. जणू तो घोडा ह्यांनीच निवडून दिला होता.

"बरं आहे की मग," मी म्हणायचे. "अंक नाही तर बातमी नाही. आपल्या कपाटात राणी अजून पडलेली नाही. राहू द्या तिला लढत."

हे माझ्याकडे असं बघायचे की मी बिरड्यात साखर घातलीय.

आता गणपतीचं सांगते, कारण घोळ तिथे झाला. आमच्याकडे दुकानात जाऊन, हा द्या तो द्या करत मूर्ती आणायची पद्धत नाही. घरचा पाट आधी कारखान्यात जातो आणि गणपती त्या पाटावर बसून घरी येतो. आमचा पाट पेणजवळ हमरापूरला चंद्रावतीबाईंकडे जातो. त्या कागदाच्या लगद्याचे गणपती करतात आणि पाटाबरोबर घरची रद्दीही मागून घेतात. ज्या घरची रद्दी त्याच घरचा गणपती, ही त्यांची रीत. प्रत्येकाचा कागद वेगळ्या बादलीत भिजतो. वर्षभर घरात जे बरंवाईट वाचलं ते बाप्पात जातं आणि बाप्पाबरोबर पाण्यात जातं, असं त्या म्हणतात. मला ही रीत फार आवडायची. ह्या घरातला थोडा तरी कागद त्या निमित्ताने बाहेर जायचा.

मागच्या गणपतीच्या आदल्या दिवशी मी लग्नातला शालू काढला. घडी मोडली तर त्याची जाळी झालेली. ह्यांनी कुठल्याशा वाचनालयातून आणलेल्या गठ्ठ्यातून कसर आली होती. ती ह्यांचं कपाट सोडून शिस्तीत माझ्या कपाटात गेली आणि थेट शालूवर बसली. वर्तमानपत्रांना म्हणे औषध मारलेलं होतं. शालूला मारायचं कुणाला सुचणार! मी शालू ह्यांच्यासमोर उभा धरला. पलीकडचे हे मला स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. आरती झाली, आणि मी ह्यांना तिथेच थांबवलं, पाटाला हात लावायला लावला आणि सगळ्यांदेखत वदवून घेतलं, की यापुढे घरात एकही जुनं वर्तमानपत्र आणणार नाही. आमचा मुलगा अद्वय हसत होता. हे हसत नव्हते. गणपतीच्या पाटावरची शपथ ह्यांच्या लेखी हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे, म्हणून तर मी ती तिथे घेतली.

चैत्रात ह्यांनी अचानक मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. मी तीन वर्षं मागे लागले होते तेव्हा "बघू, दिसतंय की," आणि आता एकाएकी घाई. मला बरंच वाटलं, मी कारण विचारलं नाही. हे डोंबिवलीला बहिणीकडे गेले. एक डोळा, मग दुसरा डोळा, मग थेंब, असा मुक्काम लांबला.

त्यातच चंद्रावतीबाईंच्या मुलाचा, प्रविणचा, फोन आला. यंदा लवकर गर्दी आहे, पाट द्या. मी लगेच ह्यांना डोंबिवलीला फोन लावला. पुढचं बोलणं मी शब्दाला शब्द सांगते, कारण नंतर त्यावरून बराच वाद झाला.

"प्रविण पाट न्यायला येतोय. देऊ का?"

"दे की."

"आणि गॅलरीतली रद्दी?"

"ती पण दे. मागे काही ठेवू नकोस. गेल्या वर्षी कमी पडली म्हणून बाई कुरकुरत होत्या."

मागे काही ठेवू नकोस. हे ह्यांचे शब्द. प्रविण टेम्पो घेऊन आला, पाट नेला, गठ्ठा नेला, चहा घेतला नाही, घाईत होता. गॅलरी झाडून घेतली आणि मी कितीतरी दिवसांनी तिथे खुर्ची टाकून बसले.

हे परत आले ते काळा चष्मा लावून. चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, सरळ गॅलरीत. तिथे माझी खुर्ची आणि कढीपत्त्याची कुंडी.

"इथली रद्दी?"

"दिली ना."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? प्रविणला. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

ह्यांनी खुर्चीखाली बघितलं. कुंडी उचलून खाली बघितलं. मग आत जाऊन पलंगाखाली, माळ्यावर, शेवटी तांदळाच्या डब्यात. मी विचारतेय काय हरवलं, तर "काही नाही." काही नाही म्हणायचं आणि तांदळात कोपरापर्यंत हात घालायचा. माझं डोकं फिरलं. मी तांदळाच्या डब्यावर झाकण दाबून धरलं आणि म्हटलं, आता बोला, नाहीतर आज भात नाही.

तेव्हा बोलले. राणीचा अंक मिळाला होता. मुंबईत एका पारशी बाईंनी वडिलांची ट्रंक काढली, त्यात होता. चैत्रात हे "मित्राकडे जातो" म्हणून गेले होते ते त्या बाईंकडे. अंक आणला आणि माझ्या नजरेला पडू नये म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यात, आजकालच्या पेपरांच्या घडीत सरकवून ठेवला. मी घरातली प्रत्येक वस्तू उचलून पुसते, फक्त रद्दीच्या गठ्ठ्याला हात लावत नाही. एवढ्या संसारात माझ्याबद्दल ह्यांनी एवढंच लक्षात ठेवलं होतं.

"आणि शपथ?" मी विचारलं.

"घरात आणणार नाही अशी होती. गॅलरी घरात धरत नाहीत."

"बिल्डरने धरलीय!"

मी फार बोलले. शालू काढला, मिक्सर काढला, लखनौच्या वेढ्यातलं बिरडं काढलं. फोनवर स्वतःच द्यायला सांगितलंत ते कसं, असं विचारलं तर म्हणाले, "तू रद्दी म्हणालीस. माझ्या डोक्यात तो अंक रद्दी नव्हताच."  शेवटी दमून विचारलं, "वाचलात तरी का?"

"नाही," हे म्हणाले. "सगळं धूसर दिसत होतं. म्हटलं, इतकी वर्षं थांबलो, तर ती बातमी जूनमध्ये, तिच्या तारखेलाच, स्वच्छ डोळ्यांनी वाचू. म्हणून तर ऑपरेशन करून घेतलं."

 मला ह्यांची दया आली, आणि अशा माणसाची दया यावी याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हमरापूरला निघालो. एसटी वडखळला नेहमीप्रमाणे अडकली. समोर कंटेनर, मागे कंटेनर, आणि खिडकीशी बसलेले हे दर मिनिटाला म्हणतायत, "आत्ता भिजत घातला असेल तर?" मी म्हटलं, उतरून चालत जा. तर खरंच उठले. ओढून खाली बसवलं.

चंद्रावतीबाई कारखान्याच्या दारातच मूर्तीवरून पॉलिशपेपर फिरवत बसल्या होत्या. हात पांढरे, केस पांढरे, ते रंगाने की वयाने कळू नये. ह्यांनी धापा टाकत विचारलं.

"रद्दी व्हय? ती तर कवाच भिजवली काका. गणपती झाला पन तुमचा. सुकतोय."

"त्यात एक पिवळा कागद होता. जुना. जाड."

"व्हता ना! त्या कागदानं ताप दिला गो काकू." त्या माझ्याकडे वळल्या. "बाकीचा रातीत मऊ झाला, ह्यो काय भिजंना. कापडावानी चिवट. मग पोरींनी मुसलानं ठेचला."

हे मटकन बाकावर बसले.

"समदा नाय ठेचला. एक लांब पट्टी काढून ठेवलेली मी. ती सोंडंच्या तारंला गुंडालली. असा चिवट कागद आत असला का सोंड मोडत नाय."

हे उठले. ओळीत वाळत असलेल्या पांढऱ्या गणपतींतून आमच्या पाटावरचा गणपती हुडकला आणि त्याच्या सोंडेकडे बघत राहिले. मग हळूच बोट पुढे केलं. चंद्रावतीबाईंनी मनगट धरलं.

"काका, नाय."

"फक्त सोंड. मी दुसरी करून घेतो. रंग नाही, डोळे नाहीत, अजून काही झालेलं नाही..."

"पाटावर चढलाय. पाटावर चढला का तो तुमच्या घरचा. आमी मोडत नाय. तुमाला मोडायचाच असंल तर घरी नेऊन तुमच्या हातानं मोडा. हितं नाय." त्या रागावल्या नव्हत्या, पण मनगट सोडलं नव्हतं.

"बरं, ती पट्टी बातमीची होती का, एवढं तरी आठवतं?"

"काला काला छापलेला व्हता," बाई म्हणाल्या. "मला इंग्लिश येतं व्हय?"

येताना पेणला माझ्या माहेरच्या वाटेवरून रिक्षा गेली, मी पोहे-पापड घेते म्हटलं तर ह्यांना ऐकूच आलं नाही.

भाद्रपदात गणपती आला. गुलाबी रंग, पिवळं पीतांबर, सोंड डावीकडे वळलेली. दर वर्षी हे आरतीपुरते गणपतीसमोर उभे राहतात. यंदा पहाटे आंघोळ करून समोर बसत ते बसून राहत. आल्यागेल्यांना वाटे, ऑपरेशननंतर काका फार देवभोळे झाले. शेजारच्या बाई तर मला म्हणाल्या, नशीबवान आहात. मला एकटीला माहीत होतं की हा मनुष्य देवाकडे बघत नाही, सोंडेकडे बघतोय. कुणी नाही असं पाहून भिंगही लावायचे. रंगाखालून एखादं अक्षर वर येईल म्हणून की काय, देव जाणे.

गौरीबरोबर आमचा गणपती जातो. त्या दिवशी जेवणं झाली, अद्वयने गाडीची चावी काढली, आणि हे म्हणाले, "यंदा अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवू या."

"बाबा, मला उद्या ऑफिस आहे," अद्वय म्हणाला.

"तू जा. आम्ही बघू."

"आणि अनंत चतुर्दशीला?" मी विचारलं.

हे निरांजनाची वात सारखी करू लागले. मला जे कळायचं ते कळलं. अनंत चतुर्दशीला हे पुढच्या वर्षीपर्यंत ठेवायचं काहीतरी निमित्त काढणार होते. नात, अनन्या, कपाळावर गुलाल लावून तयार उभी होती. सून स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत होती. सगळ्या बिल्डिंगमध्ये मोरयाचा गजर चाललेला आणि आमच्या घरात एक म्हातारा देवाला ओलीस धरून बसलेला.

मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. ओरडायची शक्ती नव्हती. म्हटलं, "ह्याच पाटावर शपथ घेतलीत. तुम्ही ती मोडलीत. त्याने तुमच्याकडून काही मागितलं नाही, तुम्ही आपण होऊन तुमचा अंक त्याच्या अंगात घातलात. आता त्याला घरी जाऊ देणार नाही म्हणता. अहो, तो काय तुमचं कपाट आहे?"

ह्यांनी एकदा सोंडेकडे पाहिलं. मग अक्षता घेतल्या, उत्तरपूजा केली आणि मूर्ती पाटासकट जराशी हलवली.  आपला गणपती एकदा हलला की तो पाहुणा निघालेला असतो, हे ह्यांनाही माहीत आहे.

कुंडलिकेच्या घाटावर ही गर्दी. ह्यांनी गणपती कुणाला धरू दिला नाही. स्वतः पाट घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेले, तीनदा बुडवला, तिसऱ्यांदा वर आणला नाही. मग रीतीप्रमाणे तळातली मूठभर वाळू पाटावर घेतली आणि पायऱ्यांवर येऊन बसले. अद्वय, सून, अनन्या प्रसाद वाटायला वर गेले. आम्ही दोघंच खाली. कागदाचा गणपती, डोळ्यांदेखत विरत गेला. पाण्यावर थोडा गुलाबी रंग आला आणि गेला.

आणि मग ती दिसली. पायऱ्यांपासून थोडी दूर, हार आणि दुर्वांच्या गुंत्यात, तारेवर बसलेली सोंड. रंग सुटलेला, लगदा सुटलेला, आतली पिवळी गुंडाळी तेवढी शाबूत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ती माझ्याआधी पाहिली होती. दोन्ही हात पाटाखाली दाबून बसले होते आणि मान दुसरीकडे वळवली होती.

"विसर्जन झालं ना?" मी विचारलं.

"झालं."

"म्हणजे आता तो गणपती राहिला नाही."

"मालती, नको."

"नको काय? नदीत तारा टाकू नका म्हणून एवढी मोठी पाटी लावलीय, वाचता येत नाही? नवे डोळे कशाला बसवले मग?"

आणि मी साडी खोचली. ह्या वयात, नेसूचा पदर सांभाळत, सगळ्या रोह्यासमोर मी कुंडलिकेत उतरले. पोरं बघत होती. कुणीतरी "काकू, खोल हाय तिकडं!" म्हणून ओरडलं. मी त्या गुंत्यातून तार ओढून काढली, चिखल झटकला आणि आणून ह्यांच्या पुढ्यातल्या पाटावर, वाळूशेजारी ठेवली. "घ्या," म्हटलं. "वाचा एकदाचं आणि माझी सुटका करा."

हे वाकले. ओली पट्टी तारेवरून सोडवताना ह्यांनी श्वास धरला होता, मीही धरला होता. कागद फाटला नाही. अक्षरं काळीभोर. हे ओठ हलवत वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"काय आहे? राणीचं आहे?"

"घोडा," हे म्हणाले.

"कसला घोडा?"

"जाहिरात आहे. घोडा विकणे आहे."

मला इतका संताप आला की हसूच फुटलं. शालू गेला, शपथ गेली, वडखळचा ट्रॅफिक सोसला, देवाला अडवून ठेवलं, मी नदीत उतरले, आणि ह्या सगळ्यातून निघालं काय, तर कुणा साहेबाचा घोडा! "केवढ्याला देतोय विचारा," मी म्हटलं. हे हसले नाहीत. पट्टीवर बोट ठेवून मला एकेक शब्द मराठीत सांगायला लागले.

"काठेवाडी. तरुण. मालक विलायतेला परत जात असल्याने विकणे आहे. बंदुकीच्या आवाजाला बुजत नाही." मग ह्यांचा आवाज बसला, दर वर्षी जिथे बसतो तिथेच. "पाण्याला अडत नाही."

माझं हसू गेलं.

"मुंबईत उभा होता गं तो," हे म्हणाले. "त्याच दिवसांत. गिऱ्हाईक मिळत नव्हतं म्हणून जाहिरात दिलेली." आणि नव्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. डॉक्टरने डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. आतून येणाऱ्याचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं. मी ओल्या पदराचाच कोरडा कोपरा शोधून ह्यांच्या हातात दिला.

घरी आल्यावर ती पट्टी दोन टिपकागदांत सुकवली. तिला डिंक लागलाय, म्हणजे कसर येणार हे उघड आहे. कपाटात कडुलिंबाचा पाला मीच ठेवला, दुसरं कोण ठेवणार! त्या तारखेचा कोरा पुठ्ठा हे काढून टाकत होते, मी म्हटलं, राहू द्या, त्यालाच चिकटवा.

बातमी काही आली नाही. आमच्या कपाटात राणी अजून पडलेली नाही, आणि आता तिच्याजवळ पाण्याला न अडणारा घोडा आहे.